लॅपटॉपची अक्षरं फोनसारखी का दिसत नाहीत

फोनवर वाचून झालं की लगेच लॅपटॉप उघडला तर अक्षरांच्या कडा जरा भुरकट वाटतात, आणि रिझोल्यूशन बघावं तर १९२० बाय १०८०, म्हणजे फुल एचडीच. मग फरक कुठे? तर तेवढेच पिक्सेल, म्हणजे चित्र बनवणारे बारीक ठिपके, किती जागेत पसरलेत त्यात. १५.६ इंची स्क्रीनवर इंचाला साधारण १४१ पिक्सेल येतात, आणि २०१० च्या आयफोन ४ मध्येच ते ३२६ होते!

पण नुसता आकडा बघून लॅपटॉपला नावं ठेवू नका, कारण फोन आपण फूटभरावर धरतो आणि लॅपटॉप दीड-दोन फुटांवर असतो, अंतर दुप्पट झालं की निम्मी घनता पण डोळ्याला तेवढीच वाटते. चांगल्या नजरेला दोन फुटांवरून १४३ च्या पुढचे पिक्सेल वेगळे दिसत नाहीत असं गणित आहे, म्हणजे १४१ अगदी काठावर, जरा पुढे वाकलात की कडा दिसायला लागतात.

आणि खरा कस लागतो देवनागरीत. रफार, अनुस्वार, 'द्ध' सारखी जोडाक्षरं बारीक फाँटमध्ये पार गिचमिड होतात, इंग्रजी मात्र तिथेच नीट वाचता येतं. मराठी जास्त वाचत असाल तर इंचाला २०० पिक्सेलच्या पुढचीच स्क्रीन घ्या.