रीअलॉक मोजायला बसलो अन् भलतंच मोजून राहिलो

मे महिन्यात नागपुरात बेंचमार्क (प्रोग्रामला किती वेळ लागते ते मोजणं) करू नये, हे आधीच सांगून ठेवतो. त्रिमूर्तीनगरातली वरच्या मजल्यावरची खोली, बाहेर ४५, कूलरमधलं पाणी दुपारीच संपलेलं, अन् लॅपटॉप तापला की प्रोसेसर आपणहून स्पीड कमी करते, म्हणजे तोच प्रोग्राम सकाळी एक आकडा देते अन् दुपारी दुसराच. शेवटी पहाटे ५ वाजता उठून रन लावले, आईला वाटलं पोरगा फिरायला चालला.

तर माझं एक छोटं टूल आहे, जीझिप (दाबून लहान केलेली) फाइल मेमरीत उघडणारं. उघडल्यावर किती मोठी होईल ते आधी पक्कं कळत नाही, फाइलच्या शेवटच्या ४ बाइटमध्ये साइज असते खरी पण ४ जीबीच्या पुढे गेली की ती परत शून्यापासून मोजते, अन् दोन जीझिप एकामागे एक जोडलेल्या असल्या तर फक्त शेवटचीच सांगते. म्हणून मी ६४ केबीचा बफर (डेटा ठेवायला मेमरीतली जागा) घेतो अन् भरला की रीअलॉकने अजून ६४ केबी वाढवतो; रीअलॉक म्हणजे घेतलेली जागा वाढवून देणारं सी भाषेतलं फंक्शन, गरज पडली तर ते जुना डेटा नव्या जागी कॉपी करते. मित्र कोड पाहून म्हणाला, "काय बे, डबल करत जा ना, हे कॉपी करून करूनच मरते." तर्री पोह्यांची पैज लागली.

हिशोब त्याचा बरोबरच होता. २० एमबीपर्यंत जायला ३१९ रीअलॉक, दरवेळी जुनं सगळं कॉपी झालं तर ३ जीबीच्या वर. डबल केलं तर ९ च वेळा, कॉपी सगळी मिळून ३२ एमबीच्या आत.

दोन्ही ५०-५० वेळा लूपमध्ये चालवले अन् फरक जवळपास नाहीच! कारण लिनक्सवर जीलिबसी (प्रोग्रामला मेमरी वाटणारी सीची लायब्ररी) सुरुवातीला १२८ केबीच्या वरचा तुकडा एममॅपने, म्हणजे थेट कर्नलकडून (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडून) वेगळा मागून घेते अन् वाढवायचा असला की एमरिमॅप लावते, त्यात डेटा कॉपी होत नाही, नुसती पेज टेबलमधली (मेमरीचं कोणतं पान कुठं आहे त्या यादीतली) नोंद बदलते. सातबारा बदलला, वावर जागच्या जागी.

पण खरी गोची पुढे आहे. पहिला रन दरवेळी हळू यायचा अन् मी तो वॉर्मअप म्हणून फेकून देत होतो. एममॅपचा तुकडा फ्री केला की जीलिबसी ती १२८ केबीची मर्यादाच वर नेते (६४ बिटवर ३२ एमबीपर्यंत), मग पुढच्या रनांना जागा हीपमधून (प्रोग्रामच्या स्वतःच्या मेमरीच्या साठ्यातून) मिळते, अन् तिथे एकदा आलेली पानं नंतर तशीच हाताशी राहतात, कर्नलला परत काही द्यावंच लागत नाही. पहिल्या रनला मात्र २० एमबीची ४ केबीवाली ५,१२० पानं एकेक करून पेज फॉल्टने येतात, म्हणजे पानाला पहिल्यांदा हात लावला की कर्नल ते शून्य भरून देते. अन् माझं टूल तर एका फाइलसाठी एकदाच चालते ना राजेहो! म्हणजे जो रन खरा तोच मी कचऱ्यात टाकून राहिलो होतो.

आता दरवेळी नवीन प्रोसेस सुरू करून मोजतो, सोबत मायनर फॉल्टचा (डिस्कला हात न लावता भागणाऱ्या पेज फॉल्टचा) आकडाही पाहतो. डबलिंग तरी टाकलंच कोडमध्ये, कारण एमरिमॅप लिनक्सचं आहे, सगळीकडे मिळत नाही. मित्राला हे अजून सांगितलं नाही, पोहे आधी खाऊन घेतो.