जुन्या माउझर अ‍ॅक्शनच्या शोधात: शस्त्रमेळ्यातील पाहणी आणि पुढे जाणाऱ्यांसाठी सूचना

रायफल नव्याने बांधून घेताना नळी, दस्ता आणि ट्रिगर पुढे केव्हाही बदलता येतात. अ‍ॅक्शन, म्हणजे नळी जिच्यात बसते ते कवच (रिसीव्हर) आणि काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा सरकता दांडा (बोल्ट) मिळून होणारी यंत्रणा, मात्र एकदा निवडली की काडतुसाची लांबी, दुर्बिणीची बैठक आणि बरेचसे वजनही तिच्याबरोबरच ठरून जाते. म्हणूनच .३०-०६ हे अमेरिकन रायफलचे काडतूस आधी निश्चित करून, मग रायफल बांधणाऱ्या कारागिराला सोबत घेऊन मी परवानाधारक विक्रेत्यांच्या शस्त्रमेळ्याला गेलो.

निघण्यापूर्वी कायद्याची बाजू पक्की करावी. काही देशांत रिसीव्हर हाच कायद्याने बंदूक मानला जातो, तर काही ठिकाणी बोल्ट आणि नळी हेही नियंत्रित भाग असतात. त्यामुळे सुटी अ‍ॅक्शन म्हणजे नुसता लोखंडी सुटा भाग, या समजुतीने खरेदी करता येत नाही. परवाना, परगावच्या खरेदीचे नियम आणि माल आपल्या गावच्या विक्रेत्याकडे पाठवण्याची व्यवस्था यांची विचारणा आधीच केलेली बरी.

मेळ्यात सर्वाधिक गर्दी अपेक्षेप्रमाणे माउझर ९८ या जर्मन रायफलीभोवती होती. जर्मन सैन्याने १८९८ मध्ये स्वीकारलेल्या या रचनेत बोल्टच्या पुढच्या टोकाला दोन मुख्य लग (बोल्ट जागी अडकवून धरणारे उंचवटे), मागे सुरक्षेसाठी तिसरा लग आणि काडतुसाची कड सुरुवातीपासून पकडून ठेवणारा लांब एक्स्ट्रॅक्टर (रिकामे काडतूस बाहेर ओढणारा आकडा) असतो, आणि शिकारी रायफलीसाठी ती आजही मागितली जाते ती याच कारणांमुळे. मात्र सर्व ९८ एका मापाच्या नसतात. सर्वसाधारण अ‍ॅक्शन सुमारे २२२ मिलिमीटर लांब असते, तर एम४८ या युगोस्लाव्ह माउझरची सुमारे २१६; टेबलावर शेजारी ठेवल्याशिवाय हा फरक नजरेत भरत नाही, परंतु एकीसाठी कोरलेला दस्ता दुसरीला बसत नाही. मॅगझिनचेही तसेच आहे. माउझरच्या मूळ ८×५७ काडतुसाची कमाल लांबी ८२ मिलिमीटर आणि .३०-०६ ची जवळजवळ ८५, म्हणून दारू व प्रायमर नसलेली नमुना काडतुसे घेऊन जावीत आणि विक्रेत्याच्या परवानगीने ती मॅगझिनमध्ये बसवून पाहावीत.

पाहणीत आमचा सर्वांत जास्त वेळ लग टेकतात त्या खाचांवर गेला, आणि तो तिथेच जायला हवा. जुन्या ९८ चे रिसीव्हर बहुधा कमी कार्बनच्या पोलादाचे असून त्यांचा केवळ पृष्ठभाग कठीण केलेला असतो. तो थर पातळ असेल किंवा कोणी घासून काढला असेल, तर लगांच्या दाबाने खाचेत खड्डा पडतो आणि काडतुसाच्या मागची मोकळीक वाढत जाते. बोल्टची मूठ उचलताना मध्येच अडखळल्यासारखे वाटले, तर कारागीर ती रायफल पुढे पाहतच नसे. ही मोकळीक, म्हणजे हेडस्पेस, मोजण्याचे गेज मात्र नळी बसवलेली असेल तरच उपयोगी पडते. याच कारणाने माझे मत असे झाले आहे की सुट्या अ‍ॅक्शनपेक्षा नळी झिजलेली पूर्ण रायफल घेणे शहाणपणाचे: झीज मोजता येते, आणि मॅगझिनची पेटी, तळपट्टी व स्क्रू वेगळे शोधावे लागत नाहीत. दस्ता काढून दाखवायला नकार देणाऱ्या विक्रेत्याकडे थांबू नये, कारण गंजाचे खड्डे बहुधा लाकडाखालीच दडलेले असतात.

एका टेबलावर स्प्रिंगफील्ड १९०३ ही जुनी अमेरिकन लष्करी रायफल अत्यंत आकर्षक स्थितीत होती. स्प्रिंगफील्ड शस्त्रशाळेच्या ८,००,००० पेक्षा कमी आणि रॉक आयलंड या दुसऱ्या शस्त्रशाळेच्या २,८५,५०७ पेक्षा कमी क्रमांकाच्या रिसीव्हरांत, भट्टीचे तापमान नजरेच्या अंदाजाने ठरवले जात असल्यामुळे, काही पोलाद जास्त तापून ठिसूळ झाले होते. हिचा क्रमांक त्याच टप्प्यातला निघाला. अशी रायफल संग्रहात शोभते. तिच्यावर नवी नळी चढवू नये. तिला पुन्हा पाणी देऊन दोष जातो असे सांगणारे भेटतात, त्यांचे ऐकू नये.

शेवटी आम्ही चेकोस्लोव्हाकियातील ब्रनोची एक व्हीझेड २४, म्हणजे माउझर ९८ च्याच रचनेची रायफल, घेतली. तिची नळी आतून पार झिजलेली होती, परंतु बोल्ट आणि रिसीव्हरचे क्रमांक जुळत होते, खाचा स्वच्छ होत्या आणि रिसीव्हरच्या पुढच्या गोल कड्यावर दुर्बिणीसाठी कोणी वेडीवाकडी छिद्रे पाडलेली नव्हती. पावतीवर अनुक्रमांक विक्रेत्यासमोरच ताडून घेतला आणि रायफल परस्पर आमच्या विक्रेत्याकडे रवाना झाली. नवी नळी चढवण्यापूर्वी रिसीव्हरची कठीणता आणि सूक्ष्म तडे यांची तपासणी होईल, आणि नळी बसल्यावर प्रूफ चाचणी (नेहमीपेक्षा जास्त दाबाच्या काडतुसाने घेतलेली परीक्षा) झाल्याशिवाय ती वापरात येणार नाही.