मामांचं व्हिपल आणि आमचं रोबोटचं खूळ

मामांच्या अंगाला खाज सुटली तेव्हा हे पोटातलं दुखणं असेल असं कुणाच्या डोक्यातपण आलं नाही. महिनाभर मलमं झाली, कडुनिंबाच्या पाण्याच्या आंघोळी झाल्या. मग डोळे पिवळे झाले आणि मामीने कावीळ म्हणून कुठलासा झाडपाला पण देऊन टाकला. शेवटी सोनोग्राफी, सीटी आणि निदान, स्वादुपिंडाच्या डोक्यात कॅन्सरची गाठ. पित्ताची नळी तिथूनच जाते, ती दाबली गेली म्हणून कावीळ. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात, बहुतेकांना कळतं तेव्हा ऑपरेशनची वेळ गेलेली असते. नशीबवान हा शब्द ऐकून मामी तिथेच रडायला लागली.

आणि त्याच रात्री फॅमिली ग्रुपवर रोबोट आला. एका दादाने व्हिडिओ टाकला, द्राक्षाचं साल शिवणारा रोबोट. मग सगळे सुरू, रोबोटिकच करा, पैशाकडे बघू नका, चार दिवसात घरी. मीपण त्यातलाच. एका हॉस्पिटलात तर डॉक्टर भेटायच्या आधी पॅकेजवालीच भेटली, ओपन म्हणजे पोट उघडून करायच्या ऑपरेशनपेक्षा दोन-अडीच लाख जास्त.

मग मी रात्री जागून वाचत बसलो. रोबोट स्वतःहून काही करत नाही हे पहिल्यांदा कळलं. सर्जन बाजूच्या कन्सोलमध्ये डोकं घालून बसतो आणि लहान भोकांतून आत गेलेली हत्यारं त्याच्या हातांप्रमाणे हलतात. आतलं थ्रीडी आणि मोठं दिसतं, हाताचा कंप गाळला जातो, हत्यार मनगटासारखं वळतं. हे खरंच भारी आहे, नाही म्हणायचं कारण नाही.

पण मामांचं ऑपरेशन म्हणजे व्हिपल, आणि त्यात कापणं अर्धंच काम. स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय, पित्तनळीचा तुकडा हे सगळं काढायचं आणि मग तीन जोड द्यायचे, स्वादुपिंडाचा, पित्तनळीचा आणि जठराचा, तिन्ही आतड्याला. त्यात स्वादुपिंडाचा जोड म्हणजे लोण्याला टाके घालायचे, नळी कधीकधी दोन-तीन मिलिमीटरची. तो गळला की अन्न पचवणारा रस पोटातल्या रक्तवाहिन्याच पचवायला लागतो.

नेदरलँड्समध्ये दुर्बिणीचं व्हिपल विरुद्ध ओपन अशी ट्रायल झाली, 2019 ला छापून आली. दुर्बिणीवाल्या 50 जणांत 5 जण कॉम्प्लिकेशननं गेले, ओपनच्या 49 मध्ये 1. मध्येच थांबवली. आता हे रोबोटचं नाही, साध्या दुर्बिणीचं (लॅपरोस्कोपीचं), हे मान्य. आणि उलट आपल्या कोइम्बतूरला 64 पेशंटची ट्रायल झाली, 2017 ला आली, तिथे दुर्बिणीवाले साधारण 7 दिवसात घरी गेले आणि ओपनवाले 13. ऑपरेशन तेच की! मग फरक कशाचा? ट्रायल छोट्या आहेत, पण मला तरी सर्जनच्या हाताचाच वाटतो.

स्वादुपिंडाच्या शेपटीकडची गाठ असेल तर गोष्ट वेगळी. तिथे तुकडा काढायचा, बहुतेक वेळा प्लीहेसकट, आणि तोंड बंद करायचं, आतड्याला जोडबिड काही नाही. तिथे छोट्या भोकांचा फायदा खरोखर दिसलाय, डच लोकांच्याच दुसऱ्या ट्रायलमध्ये ओपनला 6 दिवस लागले सावरायला तर यांना 4.

दुसऱ्या ठिकाणच्या सर्जनला मी सरळ विचारलं, सर तुम्ही वर्षाला व्हिपल किती करता, आणि रात्री दोनला जोड गळला तर इथे कोण असतं? पहिल्याचं उत्तर त्यांनी आकड्यात दिलं. दुसऱ्याला म्हणाले, मी, आणि वरच्या मजल्यावर रेडिओलॉजीवाला. मग आपणहून म्हणाले, रोबोटवर मी सध्या शेपटीचीच करतो, तुमच्या मामांचं ओपन करणार. ग्रुपवर सांगितल्यावर दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी ड्रेनच्या, म्हणजे पोटातून बाहेर काढलेल्या नळीच्या, पाण्याचं अमायलेज तपासायला गेलं. हे स्वादुपिंडाच्या रसातलं एन्झाइम, त्यावरून गळती कळते. रिपोर्ट येईपर्यंत मामी त्या पिशवीकडेच बघत बसलेली, रंग बदलला का, रंग बदलला का. मामांना त्याचं काही नाही, त्यांना चहा कधी मिळणार एवढंच. रिपोर्ट चांगला आला. चहा दोन दिवसांनी मिळाला, तोही बिनदुधाचा, आणि त्यांनी तोंड असं केलं की जणू ऑपरेशन परवडलं.

आता पोटावर उभा व्रण आहे. केमोच्या सहा महिन्यांतले चार झालेत. जेवायला बसले की पहिल्या घासाबरोबर पचनाच्या एन्झाइमची कॅप्सूल, आणि परवा मिसळ मागवली तर एक का दोन घेऊ म्हणून मलाच फोन.