तुम्ही विचारलंत म्हणून: कोल्हापुरात बसून ध्रुवावरचे ढग कशाला?

लग्नात, बँकेत, रंकाळ्यावर, कुठंही हा प्रश्न येतोच, आणि त्याच्या मागून ठरलेलं, आपल्याकडं पाऊस कमी पडतोय काय? तर ऐका एकदाचं.

मी ज्यांचा अभ्यास करते ते माझे ढग ध्रुवांकडं जमिनीपासून ८३ किलोमीटरवर असतात, पावसाचे फार तर सोळा-सतरा. तिथं उन्हाळ्यात (हो, उन्हाळ्यातच) उणे १३० च्या आसपास थंडी पडते, कारण हवा वर चढत जाते नि पसरून गार होते, मग उल्कांच्या बारीक धुळीवर असेल नसेल तेवढी वाफ गोठते. विमान तिथं पोचत नाही, फुगाही नाही, म्हणून उपग्रह. नासाचा एम (AIM) उपग्रह २००७ ला गेला, २०२३ पर्यंत वरून अतिनील प्रकाशात बघत होता. खालचा ओझोन तो प्रकाश गिळतो, मागं काळोख राहतो नि बर्फ उठून दिसतो. तो डेटा कोल्हापुरातनंही उघडतो. आणि आपल्या विद्यापीठाच्या आवारातल्या रडारनं जवळपास त्याच उंचीवरचे वारे मोजलेत, हे विचारणाऱ्यांपैकी कितीजणांना माहीत आहे?

पण खरं लागलं ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर, धोक्याची पातळी ४३. शिरोळकडचे मामा बोटीतनं निघाले, म्हशी मागंच राहिल्या. आमच्याकडं आल्यावर ते कुणाशी बोलेनात. मग जेवताना माझ्याकडं बघून म्हणाले, "लेकी, तू ढगांचंच शिकतीस न्हवं? मग आधी सांगायचं न्हवं?" रागानं नाही, साध्या आवाजात. मामी म्हणाली, "जेवा आधी." मी म्हणायला गेले की मामा, ते ढग वेगळे, पावसाचा अंदाज सांगणारी माणसं वेगळी, आणि अर्ध्यातच थांबले, कारण सगळं खरं असूनही त्यांच्या तोंडावर बोलवेना.

पीएचडीच्या मुलाखतीत मात्र मी छातीठोक बोलले होते, मिथेन वाढतो, वर जाऊन त्यातनं पाण्याची वाफ तयार होते, ढग वाढतात, म्हणजे हवामानबदल कळतो, म्हणजे उपयोग आहे. मिथेनचं खरंच आहे. पण त्या मुलीला आज विचारावंसं वाटतं, उपयोग दाखवायची एवढी घाई का? आवडतं म्हणून करते, एवढं म्हणायला काय झालं होतं? आणि मग वाटतं, हेच मामांना सांगता आलं असतं का गं?

सध्या वादळांतनं, डोंगरांवरनं उठणाऱ्या हवेच्या लाटा किती वर जातात नि तिथल्या थंडीत त्यांचा वाटा किती, ते बघतेय. त्यात आपल्या पावसाचा हात निघाला तर पहिला फोन मामांना. पण त्यासाठी हे काम करतेय असं मात्र समजू नका.