आमची वाटचाल : पाणी कुठलं, दूध कुठलं, मग चहा कुठला

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत आमचं चहाचं दुकान आहे. आजोबांनी मांडलं, बाबांनी वाढवलं, आता मी आणि धाकटा भाऊ मिळून बघतो. बाबांच्या हाती दुकान होतं तोवर चहा म्हणजे सीटीसीच. पान दातेरी रुळांमधून चेचत, फाडत, वळवत त्याची गोळी करायची, ही पद्धत १९३० च्या दशकात आसामात निघाली आणि पुढे सगळ्या देशाने तीच उचलली. गोळी पटकन रंग सोडते आणि किलोमागे कप जास्त निघतात, एवढं कारण पुरेसं होतं. आजही हॉटेलवाला दुकानात पाय ठेवताच विचारतो, “किलोला कप किती बसतील?” चवीची चौकशी त्यानंतर, झाली तर.

बाबांचं कसब मिश्रणात होतं. मोठा दाणा, बारीक दाणा आणि डस्ट, म्हणजे चहाची भुकटी, ताडपत्रीवर ओतून लाकडी फावड्याने एकजीव करायचे. पण सगळ्या गावांना एकच मिश्रण जायचं नाही. गगनबावड्याकडच्या दुकानदाराचं वेगळं, शिरोळ-कुरुंदवाडकडच्याचं वेगळं. विचारलं तर म्हणायचे, “तिकडचं पाणी जड आहे, तिथं हा चालायचा नाही.” वहीत प्रत्येक गावापुढे प्रमाण लिहिलेलं आहे, कारण कुठेच लिहिलेलं नाही.

पानाचा चहा, म्हणजे गोळी न करता पान नुसतं वळून केलेला, व्यापारात ज्याला ऑर्थोडॉक्स म्हणतात तो, आम्ही ठेवायला लागलो तो मधुमेहवाल्या गिऱ्हाइकांमुळे. हे ऐकून चहाच्या शौकिनांचा थोडा हिरमोड होईल, पण खरं तेच आहे. डॉक्टरांनी साखर तोडलेली, पाठोपाठ दूधही कमी केलेलं, आणि सीटीसी नुसता पाण्यात घेतला की घसा धरतो. “ताई, बिनदुधाचा पिता येईल असा एखादा चा हाय का?” असं विचारणारे वाढले. त्यांच्यासाठी आसाम आणि निलगिरीचं थोडं पान मागवलं, ते हातोहात गेलं.

मग दलालांकडून नमुने यायला लागले. छोट्या पुड्या, वर बागेचं नाव, ग्रेड आणि इन्व्हॉइस नंबर. ग्रेडच्या लांबलचक अक्षरांना नवा माणूस दबकतो. एफटीजीएफओपी म्हटलं की काहीतरी भारी असणार असं वाटतं. ही अक्षरं पानाचा आकार आणि त्यातली कोवळी सोनेरी टोकं किती, एवढंच सांगतात. चवीबद्दल ती गप्प असतात. सुंदर दिसणारं पान कपात फुसकं निघालेलं आम्ही पाहिलंय आणि चुरगळल्यासारखा दिसणारा तुकडापत्ती चहा तोंडात मजा आणून गेलाय. म्हणून चाखायचं टेबल मांडलं आणि आमचा धंदा तिथून बदलला.

टेबल म्हणजे पांढऱ्या चिनीमातीच्या भांड्यांची रांग. कान असलेलं, एका बाजूला दातेरी कड असलेलं भांडं, त्यावर झाकण आणि पुढे वाडगा. चहाची तुलना करायची तर चहा सोडून बाकी सगळं सारखं हवं. त्याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ३१०३. १०० मिली पाण्याला २ ग्रॅम पान, उकळतं पाणी, ६ मिनिटं. आमच्या भांड्यात १४० मिली पाणी बसतं म्हणून २.८ ग्रॅम. वेळ भरली की झाकण धरून भांडं वाडग्यावर आडवं ठेवायचं, दातेरी कडेतून रस गळून जातो. उरलेलं ओलं पान उलट्या झाकणावर काढायचं आणि नाक त्यात खुपसायचं. नव्या माणसाला रस महत्त्वाचा वाटतो. मला विचाराल तर अर्धी गोष्ट त्या ओल्या पानात कळते. तांब्याच्या नव्या भांड्यासारखं लखलखीत असेल तर पान नीट मुरलंय, म्हणजे वळल्यावर हवेने पुरेसं तांबूस झालंय, हिरवट-काळपट डाग असतील तर कारखान्यात कुठेतरी घाई झालीय.

मग चमच्याने रस घ्यायचा आणि जोरात सुरका मारायचा. रसासोबत हवा आत गेली पाहिजे, तरच वास नाकाच्या मागून चढतो. शेवटी पिकदाणीत थुंकायचं. आई मात्र थुंकत नाही. “विकत घेतलेलं अन्न हाय ते,” म्हणते. आणि आमच्या घरात जीभ तिचीच सर्वांत तिखट आहे. पाटीवरची नावं झाकून ठेवली तरी जुना माल ती वासावरूनच बाजूला सारते.

दुधाचाही उल्लेख त्या मानकात आहे, लहान वाडग्याला अडीच मिली. कोल्हापुरात एवढं दूध भांड्याच्या काठाला चिकटून राहतं. म्हशीचं दूध, वर साय, अशा चहावर वाढलेल्या माणसाला अडीच मिली दुधाने काहीच कळणार नाही. म्हणून आम्ही दोन रांगा लावतो. एक बिनदुधाची आणि एक निम्म्या दुधाची, गॅसवर उकळलेली. चाखण्याच्या धंद्यातले जुने लोक बघतील तर कपाळावर हात मारतील, पण आमचं गिऱ्हाईक ज्या रूपात पितं त्या रूपात चाखल्याशिवाय आम्ही माल घेत नाही.

आता प्रदेशांबद्दल. आसामचा मे-जूनचा, दुसऱ्या बहराचा (बहर म्हणजे कोवळ्या पालवीचा हंगाम) माल आमचा सर्वांत आवडता. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातली सखल, दमट जमीन, तिथली मोठ्या पानाची मूळची जात. रस लालसर-तांबूस आणि अंगाने जड. इंग्रजीत त्या वासाला माल्टी म्हणतात. मोड आणून भाजलेल्या नाचणीचं सत्त्व ज्याने लहानपणी खाल्लंय त्याला वेगळं सांगावं लागत नाही, माल्ट म्हणजे तसलंच मोडाचं धान्य. चांगल्या आसामची एक खूण अशी : कप गार होऊ दिला की रस ढगाळतो, वर मळकट साय आल्यासारखा दिसतो. गिऱ्हाईक म्हणतं खराब झाला. तो खराब नसतो. रसातले घट्ट घटक थंडीत एकत्र येतात, आणि पातळ चहात हे सहसा होत नाही. दूध घातलं की अशा चहाला केशरी झळाळी येते. दुधाने जो राखाडी पडतो, त्याचा दर कितीही कमी असला तरी तो आम्ही घेत नाही.

त्याच टेबलावर शेजारी निलगिरी ठेवा. गार केला तरी रस आरशासारखा राहतो, म्हणून बर्फाच्या चहाला हाच. कुन्नूरकडच्या बागांना दोन्ही पावसाळे मिळतात आणि वर्षभर तोडणी चालते, पण खरा सुगंध डिसेंबर-जानेवारीच्या मालात. थंडीत, कधी दव गोठतं अशा रात्रींत झाडाची वाढ मंदावते आणि वास साठतो. भावात हा दार्जिलिंगच्या कितीतरी खाली असतो आणि मला वाटतं त्याच्यावर अन्याय होतो. शिवाय माल बेंगळुरूवरून महामार्गाने सरळ कोल्हापुरात उतरतो, वाहतुकीला फार पडत नाही.

दार्जिलिंगने मात्र आम्हाला दुकानात सर्वांत जास्त बोलायला लावलं. तिथे ८७ बागा, सगळ्यांचं मिळून उत्पादन देशाच्या एका टक्क्याहूनही कमी. २००४ मध्ये भारतात पहिला भौगोलिक निर्देशांक मिळाला तो याच चहाला. मार्च-एप्रिलची पहिली तोडणी आली की गिऱ्हाईक पुडी उघडून बघतं आणि म्हणतं, “हा काळा चहा कसा? हिरवट दिसतोय की.” पान वाळवतानाच त्यातलं पाणी खूप उडवलेलं असतं, त्यामुळे पुढे ते पूर्ण मुरत नाही, रंग पिवळसर राहतो. दुसऱ्या बहरात त्यालाच मस्कटेल नावाचा द्राक्षाच्या अंगाचा वास येतो. तुडतुड्यासारखे किडे कोवळं पान शोषतात, झाड त्याला उत्तर म्हणून सुगंधी द्रव्यं तयार करतं. किडीने भाव वाढतो असं ऐकल्यावर आमच्याकडचा द्राक्ष-ऊसवाला शेतकरी हसतोच.

पण हा चहा निम्म्या दुधाच्या रांगेत ठेवला की संपला. दुधातली प्रथिनं चहाच्या तुरटपणाला धरून बसतात आणि नाजूक वास सायीखाली गाडला जातो. दुधाचा चहा करायला कोणी महागडं दार्जिलिंग मागितलं तर आम्ही सरळ नाही म्हणतो. काहींना राग येतो. आम्ही त्यांच्यासमोर दोन्ही कप ठेवतो, मग बहुतेक जण आसाम घेऊन जातात.

श्रीलंकेचा, म्हणजे सिलोनचा, माल थोडाच ठेवतो, आयातीचा खर्च फार. कॉफीच्या मळ्यांवर तांबेरा पडायच्या थोडं आधी, १८६७ मध्ये जेम्स टेलरने तिथे चहाचा मळा लावला. उंचीनुसार चव बदलते हे समजून घ्यायला मात्र या देशासारखा धडा नाही. नुवारा एलिया उंचावरचा, रंग फिका आणि वास फुलाचा. रुहुना सखल भागातला, जवळजवळ काळा, गोडसर. आखातात नोकरी करून आलेल्या मंडळींना रुहुना लगेच ओळखीचा वाटतो.

हिमाचलातला कांगडा कमी येतो, पण आवर्जून मागवतो. १९०५ च्या भूकंपाने तिथले कारखाने आणि बागा उद्ध्वस्त केल्या, तो उद्योग पूर्वीसारखा पुन्हा उभा राहिला नाही. चीनचे म्हणाल तर किमून आहे आणि फुजियानचा लापसांग सूशाँग आहे, पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेला. पन्हाळ्याकडचे एक काका लापसांगचा सुरका मारून म्हणाले, “ह्याला गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा वास येतोय की ओ!” तेव्हापासून तो आमच्या दुकानात ‘गुऱ्हाळवाला’ याच नावाने विकला जातो.

आता पाण्याकडे येते. पानाचा चहा विकायला लागल्यावर तक्रारी यायच्या त्या ठरावीक भागांतून. दुकानात प्यायलो तेव्हा छान होता, घरी केला तर काळा पडला आणि वर तवंग आला. शिरोळ पट्ट्यात जमिनी क्षारपड आहेत, बोअरचं पाणी जड. असल्या पाण्यातला चुना चहातल्या द्रव्यांशी जुळतो आणि कपावर तो तेलकट दिसणारा पापुद्रा धरतो. रंग गडद, चव सपाट. लिंबाचा थेंब टाकला की तवंग फुटतो, रंगही उजळतो, पण दरवेळी लिंबू कोण पिळणार? मग आम्ही गिऱ्हाइकांना सांगायला लागलो की घरचं पाणी बाटलीत भरून आणा. त्याच पाण्यात, त्याच वजनाने आसाम, निलगिरी, सिलोन, दार्जिलिंग लावून देतो. जड पाण्यात दार्जिलिंग पार आडवा होतो. आसामचा तुकडापत्ती, ज्याला बीओपी म्हणतात, तो बऱ्यापैकी टिकतो. हे सगळं लिहून झाल्यावर बाबांची जुनी वही काढली. शिरोळ-कुरुंदवाडपुढे डस्टचं प्रमाण कमी आणि मोठ्या दाण्याच्या आसामचं जास्त. टेबलावर आम्हाला जे दिसलं तेच तिथे आधीपासून होतं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, “मग मी काय वेगळं सांगत होतो?”

साठवणीवरही पैसा घालावा लागला. भट्टीतून निघालेल्या चहात जेमतेम ३ टक्के ओल असते, ती वाढली की चव बसते. आमच्या पावसाळ्यात उघडं पोतं म्हणजे नुकसानच. त्यातून लक्ष्मीपुरीत आजूबाजूला मिरची-मसाल्याची दुकानं, आणि चहा शेजाऱ्याचा वास लगेच उचलतो. बेडगीचा वास लागलेला दार्जिलिंग कुणी घेणार नाही. म्हणून पानाचा माल वरच्या मजल्यावर, आतून चकाकती फॉइल असलेल्या पोत्यांत, आणि पोतं फोडलं की ५० आणि १०० ग्रॅमच्या पाकिटांत लगेच बंद.

खरेदीत एक शिस्त पाळतो. पसंत केलेल्या नमुन्याची पुडी जपून ठेवायची आणि माल आला की दोन्ही शेजारी शेजारी लावायचे. एका पुरवठादाराने ताजा म्हणून गेल्या वर्षीचा पहिला बहर पाठवला होता. पान दिसायला तेच, पण ओल्या पानाचा वास गवतासारखा कोरडा. आईने झाकण उचललं आणि काही न बोलता बाजूला ठेवलं. माल परत गेला, वाहतूक आमच्या अंगावर पडली.

विक्रीचा मोठा भाग आजही सीटीसीच आहे आणि त्यात आम्हाला कमीपणा वाटत नाही. हॉटेलवाल्यांचे कप त्यावरच चालतात. वेलची-गुलाबाच्या अर्कात बुडवलेला चहा ठेवा असं पुष्कळ जण सुचवतात, आम्ही ठेवत नाही. अर्काचा वास एकदा डब्याला लागला की टेबलावर दुसरं काही चाखता येत नाही.

या घडीला कुन्नूरचा हिवाळी माल आहे, आसामचा दुसऱ्या बहराचा थोडा शिल्लक आहे, दार्जिलिंगचा पहिला बहर एप्रिल सरता सरता येईल. टेबल शनिवारी संध्याकाळी असतं, पैसे नाहीत. पाण्याची बाटली धुऊन आणा एवढी विनंती. मागे एकांनी कोकमाच्या बाटलीतून पाणी आणलं होतं, त्या दिवशी सगळेच चहा अप्रतिम लागले.