तो शनिवारी जाणार होता

डब्लिनमधल्या एका सॉलिसिटरच्या ऑफिसात मी इमिग्रेशनच्या फायली बघते. पे-स्लिपा, भाडेकरार, विजेची बिलं तारीखवार लावायची आणि नवरा-बायको एकत्र राहतात हे कागदावर दाखवायचं, यातच बहुतेक दिवस जातात. त्या बुधवारी उलटं काम आलं. दोघं एकाच घरात होती, आणि ती एकत्र राहत नाहीत हे दाखवायचं होतं.

ती सावंतवाडीकडची, इथल्या एका नर्सिंग होममध्ये हेल्थकेअर असिस्टंट. नवरा मडगावचा, पण पासपोर्ट पोर्तुगीज. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून हा पासपोर्ट मिळवता येतो, हे तिकडे घरोघरी माहीत आहे. त्यामुळे मडगावचा माणूस कायद्याने युरोपियन, आणि गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवी नाक्याच्या अलीकडची त्याची बायको परकी. तिचं स्टॅम्प ४ चं कार्ड, म्हणजे इथे राहून काम करायचा परवाना, त्याच्या नात्यावर मिळालेलं.

"ताई, तो शनिवारी चाललो. कायमचो." बसायच्या आधीच ती म्हणाली. तो इंग्लंडमध्ये स्विंडनला भावाकडे निघाला होता. घटस्फोटाचं बोलायला ती आलीच नव्हती. तो गेल्यावर कार्ड रिन्यू होईल ना, एवढंच तिला विचारायचं होतं. ओळखीच्या कुणी तरी सांगितलं होतं, लग्न टिकवून ठेव, घटस्फोटाचं नाव काढू नकोस, कार्डाला काही होत नाही. असे फुकटचे सल्ले देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण त्यांचं निम्मं खरं असतं. वेगळं राहणारं जोडपंही घटस्फोट होईपर्यंत नवरा-बायकोच धरलं जातं, हे युरोपियन न्यायालयाने १९८५ साली दियाट्टा खटल्यात सांगितलेलं आहे. पण युरोपियन जोडीदार त्या देशात राहत असेल तरच त्याचा उपयोग. इथे पाच वर्षं पुरी झाली असती तर तिला स्वतःचा कायम हक्क मिळाला असता. त्याला अजून आठ महिने होते.

युरोपियन युनियनच्या २००४ च्या निर्देशात कलम १३ आहे. घटस्फोटाची कारवाई सुरू होण्याआधी लग्नाला तीन वर्षं झाली असतील आणि त्यातलं एक वर्ष या देशात गेलं असेल, तर घटस्फोटानंतरही राहण्याचा हक्क टिकतो. तिच्या लग्नाला सात वर्षं झाली होती, इथे चार वर्षं भरली होती, पगार नियमित होता. सगळं बसत होतं. पण त्याच युरोपियन न्यायालयाचा १६ जुलै २०१५ चा सिंग खटल्याचा निकाल आडवा येतो. एक भारतीय, एक कॅमेरूनचा, एक इजिप्तचा असे तीन नवरे आयर्लंडमध्ये राहत होते. त्यांच्या लात्वियन, जर्मन आणि लिथुआनियन बायका आधी देश सोडून गेल्या आणि घटस्फोटाची कारवाई नंतर सुरू झाली. न्यायालय म्हणालं, जोडीदार गेला त्या दिवशीच तुमचा हक्क संपला, पुढे टिकवायला काही उरलंच नाही.

म्हणजे तिचा दावा शनिवारच्या आत दाखल व्हायला हवा होता.

आणि आयर्लंडमध्ये मनात आलं म्हणून घटस्फोटाचा दावा लावता येत नाही. मागच्या तीन वर्षांतली दोन वर्षं दोघं विभक्त राहिलेली असावी लागतात, तीही दावा दाखल होण्याच्या दिवशी पुरी झालेली. २०१९ च्या सार्वमतापूर्वी तर पाचातली चार वर्षं लागायची. लग्न मोडल्यावरही परक्या जोडीदाराने दोन वर्षं थांबायचं आणि तोवर युरोपियन जोडीदाराने देश सोडायचा नाही, असा हा मेळ आहे. या दोन कायद्यांचा एकत्र विचार कुणी केला असेल, असं मला वाटत नाही.

मी विचारलं, "वेगळं कधीपासून?"

तिने पर्समधून एक वही काढली, शाळेची, दोन रेघांची. डब्लिनच्या भाड्यात वेगळं घर घेणं दोघांनाही परवडत नव्हतं, म्हणून तो बॉक्स रूममध्ये झोपायला लागला, त्या दिवसापासूनचा हिशोब त्या वहीत होता. भाडं अर्धं-अर्धं, गॅस अर्धा-अर्धा. "तांदूळ माझे. दूध त्याचं." दर महिन्याला एक पान, खाली त्याची सही. पहिल्या पानावरच्या तारखेला दोन वर्षं होऊन दोन महिने झाले होते. २०१९ च्याच कायद्यात स्पष्ट म्हटलंय की एका छपराखाली असूनही नवरा-बायको म्हणून राहत नसाल, तर ते विभक्त राहणंच. वही दाव्याला जोडायची नसते, पण दाव्यातली तारीख आम्ही त्या पानावरून घेतली.

आमच्या ऑफिसातल्या कौटुंबिक खटल्यांच्या वकीलबाई हुशार आहेत, पण म्हणाल्या, एवढी घाई बरी नव्हे, आधी नवऱ्याला पत्र पाठवू. त्यांच्या लेखी घटस्फोट म्हणजे घर, पैसे आणि मुलं. अशिलाचं कार्ड त्यांच्या नजरेतच येत नाही. या शहरातल्या बहुतेक कौटुंबिक वकिलांचं हेच आहे, आणि त्यात माणसं देशोधडीला लागतात. मी सिंग निकालाची प्रिंट काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. वाचल्यावर मात्र त्या त्याच संध्याकाळी कामाला लागल्या. समेट आणि मध्यस्थी यांबद्दल अशिलाशी बोलणं झालं, असं प्रमाणपत्र वकिलाला द्यावं लागतं. ते बोलणं त्यांनी उरकलं नाही, तासभर बसून केलं. मिळकतीचं प्रतिज्ञापत्र आमच्याच ऑफिसात करून चालत नाही, म्हणून रस्त्यापलीकडच्या सॉलिसिटरकडे गेलो. शुक्रवारी दुपारी सर्किट कोर्टाच्या ऑफिसातून दावा शिक्का आणि रेकॉर्ड नंबर घेऊन परत आला.

राहिले त्याचे कागद. घटस्फोटानंतर हक्क टिकवण्याचा ईयू-५ अर्ज करताना तो त्या काळात इथे होता, काम करत होता, हेही तिनेच दाखवायचं असतं. ज्याच्याशी बोलणं बंद झालंय त्याच्या पे-स्लिपा बायकोने आणायच्या कुठून? मारहाण झालेल्या बायकांनाही याच कागदांसाठी त्याच माणसाच्या दाराशी जावं लागतं, हे मी पाहिलेलं आहे.

तो शुक्रवारी संध्याकाळी स्वतः आला, कामावरचं जाकीट अंगावर. दाव्याची प्रत घेतली, सही केली, पासपोर्टची झेरॉक्स आणि पे-स्लिपा टेबलावर ठेवल्या. "तिचं वाईट व्हावं असं मला नाही वाटत," म्हणाला. शनिवारी गेला.

त्यानंतर काही आठवड्यांनी दुसरी एक बाई आली. लग्नाची वर्षं, नोकरी, विभक्त झाल्याची तारीख, सगळं जवळपास तसंच. तिचा नवरा मागच्याच महिन्यात देश सोडून गेला होता. घरात हिंसाचार झाला असेल, तर जोडीदार गेल्यावरही वाजवी मुदतीत कारवाई सुरू करता येते, असं न्यायालयाने २ सप्टेंबर २०२१ च्या निकालात म्हटलंय. मी तिला तेही विचारलं.

"मारलं नाही हो कधी," ती म्हणाली. "फक्त निघून गेला."

कलम १३ मध्ये तिच्यासाठी मला काही सापडत नाही. तिच्या मालकाकडून वर्क परमिट निघतं का, ते आम्ही आता बघतोय.