पेशीची आठवण फक्त डीएनएत नसते

व्याख्यान संपलं की एक प्रश्न हमखास येतो: "पेशीची सगळी माहिती डीएनएमध्येच असते ना? मग तो पूर्ण वाचला की पेशी कळायला हवी." एरवी मी "तसं नसतं" एवढं म्हणून सुटका करून घेते. तुम्ही नेटाने विचारलंत म्हणून जरा सविस्तर.

डीएनए हे मोठं भांडार आहे, यात वाद नाही. माणसाच्या जनुकसंचाच्या एका प्रतीत सुमारे 300 कोटी अक्षरजोड्या असतात आणि बहुतेक पेशींत अशा दोन प्रती. पण तोच संच यकृताच्या पेशीत असतो आणि चेतापेशीतही. कोणती जनुकं चालू, कोणती बंद, याची नोंद अक्षरांपलीकडे कुठेतरी असणारच.

माझं आवडतं उदाहरण ई. कोलाय या जिवाणूचं. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचवण्याची त्याची जनुकं एरवी बंद असतात. एक प्रथिन डीएनएवर ठाण मांडून त्यांना अडवतं. लॅक्टोज आत आलं की त्यापासून बनलेला रेणू या प्रथिनाला चिकटतो, त्याची पकड सुटते आणि जनुकं चालू होतात. त्यांतलंच एक जनुक लॅक्टोज आत ओढून घेणारं प्रथिन बनवतं. सगळी गंमत इथेच आहे.

नोविक आणि वायनर या संशोधकांनी 1957 साली लॅक्टोजसारखाच, पण जिवाणूला पचवता न येणारा पदार्थ वापरला. भरपूर दिला तर जनुकं चालू होत. मग त्यांनी तो अगदी थोडा ठेवला. इतक्या थोड्याने बंद पेशी बंदच राहिल्या. आधी चालू झालेल्या मात्र चालू राहिल्या, आणि त्यांच्या पुढच्या कित्येक पिढ्याही. डीएनए तोच, द्रावण तेच, वागणं दोन तऱ्हांचं! कारण चालू पेशीच्या पटलात, म्हणजे तिच्या बाहेरच्या पातळ आवरणात, ओढून घेणारी प्रथिनं आधीच मुबलक असतात. ती थोड्यातूनही पुरेसा पदार्थ आत आणतात, त्यामुळे जनुकं चालू राहतात आणि तीच प्रथिनं आणखी बनतात. पेशी दुभंगली की दोघींच्याही वाट्याला ती येतात.

याच जिवाणूला काही सेकंदांची आठवणही असते. अन्न शोधताना तो आत्ताचं प्रमाण थोड्या वेळापूर्वीच्या प्रमाणाशी ताडून पाहतो. आधीची नोंद असते पटलातल्या संग्राहक प्रथिनांवर चढवलेल्या मिथाइल गटांत, म्हणजे छोट्याशा रासायनिक खुणांत. जे प्रथिन परिस्थिती ओळखतं, तेच तिची नोंदही बाळगतं. पेशीला संगणकाची उपमा देतात, ती म्हणूनच मला पटत नाही. साठवण एकीकडे आणि हिशेब दुसरीकडे, अशी वाटणी इथे सापडत नाही.

तेव्हा 1957 च्या त्या प्रयोगातली चालू पेशी कोणती, हे डीएनए वाचून सांगता येणार नाही. आतली प्रथिनं किंवा आरएनए (चालू जनुकांवरून उतरवलेल्या प्रती) मोजावे लागतात, आणि त्यासाठी बहुतेक वेळा ती पेशीच फोडावी लागते.